खिल्लारे सरांची तोंडी परीक्षा

खिल्लारे सरांनी दिवाळीनंतर माझं इडलीपात्र नेलं आणि संक्रांतीला परत आणून दिलं. मधल्या काळात आमच्या घरी इडली झाली नाही आणि परत आल्यावरही झाली नाही, कारण त्याला ऑइलचा वास लागला होता आणि तळाला वाळूचे ओरखडे पडले होते.

"धुऊन दिलंय," सर म्हणाले. "तुमच्यापेक्षा चांगलं धुतलंय."

खरंच चांगलं धुतलेलं होतं, म्हणून जास्तच राग आला.

सर आमच्या भिंतीला भिंत लावून राहायचे. आयुष्यभर बाहेरच्या जिल्ह्यांत आयटीआयला मशीन दुरुस्ती शिकवून निवृत्त झाले आणि कुरुंद्याला आपल्या गावी परतले. मी इथल्याच शाळेत शिकवते, म्हणून ते मला 'बाई' म्हणायचे. अंगकाठी सडपातळ, चष्म्याची एक काडी रबरानं बांधलेली. निवृत्तीनंतरही वर्कशॉपचा निळा कोट घालायचे. त्या कोटाच्या खिशात दोन पेनं असत, एक काळं, एक लाल. काळ्यानं ते मशीनचे भाग वहीत काढायचे. लाल पेनाचं काम घरी बसल्यावर खरं म्हणजे काही उरलं नव्हतं, पण माणसाला गुण द्यायची सवय जात नाही. माझ्या हातचा चहा पहिल्यांदा प्यायले तेव्हा कप खाली ठेवून म्हणाले, "सहा."

मला कळेना. भिंतीपलीकडून काकूंचा, म्हणजे त्यांच्या बायकोचा, आवाज आला, "दहापैकी सांगून राहिलेत ते. मला चाळीस वर्षांत साताच्या वर गेलेलं आठवत न्हाई."

माणूस वाईट होता असं कुणीच म्हणणार नाही. गल्लीतल्या कुणाचाही पंप, पंखा, फवारणीचं यंत्र ते हातात घेत. पण घेतलं की ते यंत्र तुमचं राहत नसे. कुकरची शिट्टी वाजत नाही म्हणून मी एकदा फक्त बोलून दाखवलं, तर तीन दिवस आम्ही पातेल्यात डाळ शिजवली. मागायला गेलं की एकच उत्तर ठरलेलं. "घाई असेल तर दुसरा घ्या."

अशा माणसाच्या हाती माझ्या नवऱ्यानं, माधवरावांनी, आपल्या वडिलांची आठवण नेऊन दिली.

माझे सासरे तरुणपणी एका लाकडाच्या ठेकेदाराकडे मुकादम होते, किनवटच्या बाजूला. ठेकेदारानं धंदा गुंडाळला तेव्हा झाडं कापायची एक परदेशी मशीन सासऱ्यांना देऊन टाकली. सासरे गेले, त्यांचं वर्षश्राद्ध झालं आणि माधवरावांनी शेतातल्या आखाड्यावरची, अवजारं ठेवायची पत्र्याची खोली आवरायला काढली. तिथं खताच्या रिकाम्या पोत्यांखाली ती चेनसॉ सापडली. लाल रंग उडून विटकरी झालेला, पुढच्या लांब पात्यावर गंजलेली चेन, आणि वजन असं की मला दोन्ही हातांनी उचलेना.

माधवरावांच्या मनात भरलं की या वर्षीची हळद बाबांच्या मशीननं कापलेल्या लाकडावर शिजवायची. बांधावर वाळलेल्या बाभळी उभ्या होत्याच. मी म्हटलं, नवी आणा, वसमतला दुकानात मिळते. रात्रभर त्यांनी कूस बदलली. सकाळी मशीन खांद्यावर घेऊन सरांच्या ओट्यावर ठेवून आले.

सर तिच्यासमोर पाट घेऊन बसले. अर्धा तास नुसतं पाहत होते. हात लावला नाही.

"उघडा की, सर," माधवराव म्हणाले.

"आधी तिला विचारू द्या."

"काय विचारायचं?"

"शेवटी कोणी चालवली, काहून बंद पडली, आणि बंद पडल्यावर कोणी ओढाताण केली." मग त्यांनी चालू करायच्या दोरीचं तुटलेलं टोक बोटावर घेतलं. "ही आत्ता तुटली. तुमी तोडली?"

"व्हय. चालू होते का पाहत होतो."

"तीन," सर म्हणाले.

तिथून पुढचे तीन महिने आमच्या घराला शांतता नव्हती. आतला पिस्टन गंजून नळकांड्यात चिकटला होता. सरांनी प्लगच्या भोकातून घासलेट आणि ऑइल सोडलं आणि म्हणाले, आठ दिवस. आठ दिवसांनी हलवून पाहिलं आणि म्हणाले, आणखी आठ दिवस. माधवराव रोज शेतातून आले की चपला न काढता भिंतीवरून विचारायचे, "सुटला का?" रोज उत्तर यायचं, "घाई असेल तर कुऱ्हाड घ्या."

सोळाव्या दिवशी सुटला. आता पटापट होईल असं आम्हाला वाटलं. सरांनी स्क्रू काढायला घेतले आणि प्रत्येक स्क्रू ज्या क्रमानं निघाला त्या क्रमानं ताटात मांडायला लागले. त्यांच्या घरची ताटं भरली, मग आमची नेली. त्या रविवारी माझ्या नणंदेकडचे पाचजण जेवायला आले आणि मी त्यांना पत्रावळीवर वाढलं. नणंद म्हणाली, घरात काही कार्य आहे का? मी म्हटलं, हो, शेजारी मशीन उघडलंय.

आमच्या फ्रिजमध्ये मटारच्या पिशवीशेजारी एका सकाळी मला कागदात गुंडाळलेली दोन बेअरिंग सापडली. भिंतीवरून ओरडले, तर सर शांतपणे म्हणाले, "गार झालं की ते आकसतं. त्याची बसायची जागा गरम केली की फुगते. मग हातोडी लागत न्हाई, बाई, आपसूक जाऊन बसतं. विज्ञान शिकवता ना तुमी?"

मी विज्ञानच शिकवते. इडलीपात्र कशाला नेलं होतं तेही मला तेव्हाच कळलं. तळाशी वाळू घालून त्यात मशीनचं धड तापवलं होतं.

माझ्या भाच्याच्या लग्नपत्रिकेचा जाड कागद कापून त्यांनी दोन भागांमध्ये घालायची पट्टी केली. कार्बोरेटरमधला रबराचा पातळ पडदा पापडासारखा कडक झाला होता, त्यासाठी नांदेडला तीन चकरा मारल्या. पहिल्या चकरेत मिळालेला जाड निघाला, दुसऱ्या चकरेतला त्यांनी दुकानातच उजेडाला धरून नापास केला आणि दुकानदाराशी भांडून रिकाम्या हातानं आले. काकू म्हणायच्या, "ह्यांच्यासोबत बाजारात जाणं म्हणजे पाप."

मी हे सगळं तक्रारीच्या सुरात सांगते आहे, पण मला कबूल केलं पाहिजे की रोज शाळेतून आल्यावर मी त्या ओट्यावर जाऊन बसत होते. जायचे माझी ताटं मागायला. बसून राहायचे. सर बोलत राहायचे, कुणी ऐकतंय की नाही याची पर्वा न करता. चेन कुठून कशी फिरते, तिला तेल कुठून मिळतं, पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला का लावू नये. दीड हजार पोरांना सांगून झालेलं ते बोलणं, त्याला थांबायची जागा नव्हती.

जानेवारीच्या शेवटी एका सकाळी त्यांनी निरोप पाठवला. सगळी गल्ली जमली. सरांनी नवी दोरी तीनदा ओढली, चौथ्यांदा मशीन खोकलं, निळा धूर सोडला आणि सुरू झालं. केवढा तो आवाज! कुत्री पळाली. माधवराव ओट्याच्या कडेला उभे होते, त्यांनी एकदम तोंड दुसरीकडे वळवलं. लहानपणी वडील कामावरून आले की मशीन चालवून दाखवायचे, हे त्यांनी मला त्या दिवशी पहिल्यांदा सांगितलं.

मिनिटभरात सरांनी मशीन बंद केलं.

"झालं," माधवराव म्हणाले. "द्या इकडं."

"एक आवाज येऊन राहिला. परत उघडतो."

"सर, चालू झाली ना!"

"चालू व्हणं येगळं, चालणं येगळं."

परत उघडलं. आतल्या एका सीलमधून हवा शिरत होती. आणखी दहा दिवस. शेतात हळद काढणीला आली, बाभळी उभ्याच. माधवराव आता भिंतीवरून विचारेनासे झाले. मलाच म्हणायचे, "तुझ्या सरांना सांग." सर कधीपासून माझे झाले होते, कोण जाणे.

शेवटी मशीन झालं. रंगसुद्धा दिला नाही, फक्त पुसून लख्ख केलं. माधवराव आणायला गेले तर सरांनी मशीन कोटाखाली झाकून ठेवलं आणि समोर पाट मांडला.

"बसा. तोंडी घेतो."

"काय घेता?"

"परीक्षा. पेट्रोलमधी ऑइल किती?"

"टाकू की अंदाजानं."

"नापास. पुढल्या आठवड्यात या."

मला वाटलं, गंमत करतायत. गंमत नव्हती. पुढच्या आठवड्यात माधवराव मोबाइलवर व्हिडिओ पाहून गेले. ऑइलचं बरोबर सांगितलं. मग सरांनी विचारलं की दोन्ही टोकांना टेकलेलं आडवं खोड मधून कापायचं तर आधी कुठून कापायचं. माधवराव म्हणाले, वरून धरायचं आणि खालपर्यंत न्यायचं.

"पातं अडकलं. तुमी ओढलं. चेन उसळली. नापास."

"व्हिडिओत असंच दाखवलंय!"

"मग त्या व्हिडिओवाल्याकडून मशीन घ्या."

माधवराव घरी आले आणि पाण्याचा तांब्या त्यांनी असा आपटला की त्याला पोचा आला. "माझ्या बापाची मशीन हाय. माझ्या बापाला कोणी इचारलं होतं काय? त्यानं जंगलं कापली हिच्यानं. हा माणूस काहून छळून राहिला मला?"

त्यांचं चुकत नव्हतं. मी तावातावानं शेजारी गेले. ठरवून गेले होते की आज स्पष्ट बोलायचं.

ओट्यावर सर नव्हते. एक पंचेचाळिशीचा माणूस बसला होता, ताटातले उरलेले स्क्रू आकारानुसार वेगळे करत. पांढरा स्वच्छ शर्ट. उजवी बाही कोपराखाली दुमडून पिनेनं लावलेली. मला पाहून उठला, डावा हात छातीशी नेऊन नमस्कार केला आणि म्हणाला, "सर बिस्किटं आणायला गेलेत. मी त्यांचा विद्यार्थी. आखाडा बाळापूरहून आलो."

काकूंनी मला आत बोलावलं आणि हळू आवाजात सांगितलं. हा मुलगा दोनदा नापास झालेला. तिसऱ्या वेळेला त्याचा बाप येऊन ओट्यावर बसला, बहिणीचं लग्न आहे, नोकरी लागली तर बरं होईल म्हणाला. सरांनी तोंडी परीक्षेत त्याला पास केलं. नोकरी लागली आणि पाच महिन्यांत मशीनमध्ये हात गेला.

"सरांचा काय दोष त्यात?" मी म्हटलं.

"तो पण असंच म्हणतो. दरवर्षी येतो, जेवून जातो. ह्यांना मात्र तो आला की घास उतरत न्हाई. बिस्किटं आणायला म्हणून जातात आणि तासभर येत न्हाईत."

मी तशीच घरी आले. माधवरावांना सांगावं की नाही, ठरेना. न सांगता राहिले, ही माझी चूक झाली.

मार्चमध्ये अवकाळी वारं आलं. हळद काढून शेतात ढीग लावलेले होते, त्यावर पाणी पडलं. आता ती लगेच शिजवली नाही तर कुजणार. शिजवायचा कुकर भाड्याचा असतो, ट्रॅक्टरला जोडून शेतोशेत फिरतो, प्रत्येकाचा वार ठरलेला. आमचा वार दुसऱ्या दिवशीचा होता. तिसऱ्या दिवशी कुकर शिरड शहापूरला जाणार होता, तिथल्यांची हळदही भिजलेलीच. आणि सकाळी उठून पाहतो तर शेताच्या रस्त्यावर, ओढ्यावरच्या नळकांडी पुलाच्या तोंडाशी, जुनं, उभं वाळलेलं चिंचेचं झाड आडवं. दोन्ही बाजूंना काळी माती भिजून लोण्यासारखी झालेली. ट्रॅक्टर अलीकडे, हळद पलीकडे.

कुऱ्हाडी घेऊन चौघं भिडले, पण चिंचेचं खोड. तासाभरात वीतभर गेलं. जेसीबीवाला म्हणाला, संध्याकाळी बघतो. गावात एकाकडे नवी चेनसॉ होती, तिची चेन तुटून महिना झाला होता. माधवराव मोटारसायकल घेऊन सरांकडे गेले आणि परत आले तेव्हा मागं सर बसलेले होते, मांडीवर मशीन, अंगात निळा कोट.

लोकांनी वाट करून दिली. माधवरावांनी हात पुढे केले. सरांनी मशीन दगडावर ठेवलं आणि म्हणाले, "खोड बघा. दोन्हीकडं टेकलंय. आधी कुठून?"

चाळीस माणसं उभी होती. कुकरवाला ट्रॅक्टरवर बसून घड्याळ पाहत होता. कुणीतरी हसलं.

माधवरावांचा चेहरा लाल झाला. "सर, माझी हळद कुजून राहिली तिकडं. द्या मशीन!"

"आधी कुठून?"

"मी न्हाई सांगत! लेकरू समजता का मला?"

"मग न्हाई देत."

लोक चिडले. कुणी म्हणालं हिसकून घ्या, कुणी म्हणालं म्हातारा येडा झालाय. सर मशीनच्या पुढे उभे राहिले. मला त्यांचा इतका राग आला होता, आणि माधवरावांचा त्याहून, आणि सगळ्यात जास्त माझाच, की मी गर्दीतून पुढे जाऊन जवळजवळ किंचाळलेच.

"आधी वरून थोडं! एक तृतीयांश! मग खालून! वरून पूर्ण नेलं तर खोड मिटतं आणि पातं अडकतं!"

सर माझ्याकडे वळले. "टोकाचा वरचा भाग लागला तर?"

"मशीन उलटं तोंडावर येतं!"

"जुन्या मशीनला ब्रेक असतो?"

"नसतो! म्हणून डावा अंगठा दांड्याखालून! लिटरला चाळीस मिली ऑइल! खाली ठेवायच्या आधी बंद! अजून काय विचारायचंय?"

सरांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला.

"बाई पास," ते म्हणाले. "मशीन तुमच्या ताब्यात. आता तुमी ह्यांची घ्या."

"काय?"

"तोंडी. मशीन तुमचं झालं, कोणाला द्यायचं ते तुमी पाहा."

सगळ्या गावासमोर मी माझ्या नवऱ्याकडे पाहिलं. पंधरा वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्याकडे तसं, परीक्षेला बसल्यासारखं, कधी पाहिल्याचं आठवत नाही. मी जवळ गेले आणि लोकांना ऐकू जाणार नाही अशा आवाजात त्यांना बाळापूरच्या माणसाची गोष्ट सांगितली. पाचसहा वाक्यांत. त्यांनी सरांकडे पाहिलं, मग खाली मशीनकडे.

"आधी कुठून?" मी विचारलं.

"वरून," माधवराव म्हणाले. "थोडं. मग खालून."

"अंगठा?"

"खालून."

"द्या त्यांना," मी सरांना म्हटलं.

दुसऱ्या झटक्यात मशीन सुरू झालं. सर माधवरावांच्या मागे, एका बाजूला, त्यांच्या खांद्याला बोट लावून उभे राहिले आणि काम संपेपर्यंत ते बोट काढलं नाही. अर्ध्या तासात तीन ठिकाणी खोड कापलं गेलं, पोरांनी ओंडके लोटले, ट्रॅक्टर पलीकडे गेला. सगळी हळद वाचली असं नाही. खालचा थर गेला. बाकीची त्याच चिंचेच्या लाकडावर शिजली.

जाताना सर मोटारसायकलवर बसले आणि माधवरावांच्या कानाशी म्हणाले, "साडेसहा. खालून घेताना घाई केली."

माधवराव दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत. तिसऱ्या दिवशी सरांच्या घरी पाच किलो हळद देऊन आले. काकूंनी सांगितलं, सरांनी हळकुंड मोडून पाहिलं आणि शिजायला कमी पडली म्हणाले.

त्या पावसाळ्यात काकूंचे गुडघे धरले आणि संभाजीनगरच्या मुलीनं दोघांना न्यायचं ठरवलं. सहा महिन्यांसाठी, असं म्हणत होते. दिवाळीच्या आत मुलीचा फोन आला की सर झोपेतच गेले. माधवराव फोन ठेवून ओट्यावर जाऊन बसले, सरांच्या बंद दाराकडे तोंड करून. मी चहा नेला, तो तसाच गार झाला.

पावसाळ्यात सर-काकूंना निरोप द्यायला आम्ही फाट्यावर गेलो होतो तो दिवस मात्र मी अजून माधवरावांना सांगून सांगून चिडते. एसटी यायची वेळ झाली होती. सामान, काकू, पाण्याच्या बाटल्या, सगळं रस्त्याच्या कडेला. तेवढ्यात एक रिक्षा येऊन थांबली आणि बंद पडली. रिक्षावाल्यानं दोनदा सुरू केली, दोनदा बंद पडली. सर उठले. मी म्हटलं, सर, बस दिसतेय, बसा खाली. काकू म्हणाल्या, अहो, ऐका. त्यांनी ऐकलं नाही. रिक्षाच्या मागे जाऊन वाकले, इंजिनाचं झाकण उघडलं. बस आली, कंडक्टरनं घंटी वाजवली, काकू आणि सामान चढलं. मी हाका मारत होते. सरांनी आमच्याकडे पाठ तशीच ठेवून एक हात मागं वर केला, पंजा उघडा, जरा थांबा म्हणून, आणि दुसऱ्या हातानं रिक्षावाल्याला जवळ बोलावून त्याला काहीतरी विचारायला लागले.